डावीकडे ओढणारी मोटार

आमच्या मोटारीचा पुढचा डावा टायर एका बाजूने झिजला, तेव्हा माझी खात्री झाली की आमच्या ह्यांचं बाहेर काहीतरी आहे.

यात हसण्यासारखं काही नाही. (तेव्हा तरी नव्हतं.) मी चौथी शिकून शाळा सोडली, पण चप्पल एका बाजूने झिजली की माणूस तिरपा चालतो, एवढं मला कळतं. मग टायर एका बाजूने झिजला तर मोटार तिरपी चालते. मोटार काही आपल्या मनाने चालत नाही. तिला चालवणारा एक माणूस असतो, आणि त्या माणसाशी माझं लग्न झालेलं होतं.

त्या वर्षी कापूस बरा झाला होता. ह्यांनी वर्ध्याच्या एका डॉक्टरांची जुनी काळी मोटार विकत घेतली आणि नाचणगावच्या आमच्या अंगणात आणून उभी केली. नाचणगाव पुलगावला लागूनच, त्यामुळे मोटारी आम्ही पाहिल्या नव्हत्या असं नाही. पण आपल्या अंगणात उभी असलेली मोटार वेगळीच दिसते. सासूबाईंनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि कोंबड्यांना तिच्यावर बसायला मनाई केली. कोंबड्यांनी ऐकलं नाही.

हे मोटार चालवायला लवकर शिकले. अडचण आली ती रामरामाची. आमच्याकडे बंडीवरून जाताना समोर कोणी भेटलं, की माणूस बैलांचा कासरा मांडीखाली दाबतो आणि दोन्ही हात जोडून रामराम करतो. बैलांना रस्ता माहीत असतो. मोटार आल्यावर पहिल्याच आठवड्यात ह्यांनी माझ्या चुलत सासऱ्यांना एका हाताने रामराम केला. सासरे घरी आले, पण बसले नाहीत.

"मोटार घेतली तं याचा एक हात गळून पडला का व?" त्यांनी सासूबाईंना विचारलं आणि चहा न घेता निघून गेले.

सासूबाईंनी ह्यांना समोर बसवलं. "गजू, मोटार आज हाये, उद्या नाई. गाव इथंच राह्यते. दोन्ही हातानं करत जाय."

तेव्हापासून हे दोन्ही हातांनी रामराम करू लागले. मोटारीला रस्ता माहीत नसतो, ही गोष्ट मायलेकांपैकी कोणाच्याच लक्षात आली नाही.

आता बाईंबद्दल सांगते. (जीव जळतो, पण सांगते.)

पुलगावकडे जाताना गाव संपतं तिथे, डाव्या हाताला, शाळेतल्या मास्तरीणबाई राहत होत्या. रस्त्याच्या पलीकडे, त्यांच्या बरोबर समोर, एका म्हाताऱ्या गवळ्याचा म्हशींचा गोठा होता. बाई नाशिककडच्या. त्यांच्या मनगटावर घड्याळ होतं. माझ्या मनगटावर पोळीच्या तव्याचा चटका होता. त्यांच्या साडीला इस्त्री असे, आणि ती संध्याकाळपर्यंत तशीच राही. माझी साडी सकाळी नेसताना जेवढी चुरगळलेली असे, त्याहून जास्त चुरगळायला तिला जागाच नव्हती. त्यांच्या अंगणात मोगरा होता. आमच्याही अंगणात मोगरा होता, पण तो आमच्या बकरीने एकटीनेच पाहिला होता.

हे एकदा जेवताना म्हणाले, "बाई बोलते किती गोड. 'मला' म्हणते, 'तुला' म्हणते. ऐकतच राहावं वाट्टे."

मी आणखी भाजी वाढली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून 'मला', 'तुला' सुरू केलं. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप तं नाई. मंग अशी काऊन बोलून राह्यली व हे?" माझं शुद्ध बोलणं तिथेच संपलं.

बाईंकडे सगळं होतं, पण मोटार नव्हती. हा विचार मला फार सुखाचा वाटे. म्हणून दसऱ्याला मोटारीची पूजा ठरली, तेव्हा मी बाईंना मुद्दाम निरोप पाठवला: सोनं द्यायला आमच्याकडे नक्की या. मला सोनं नको होतं. त्यांनी मोटार पाहावी आणि थोडंसं जळावं, एवढीच माझी इच्छा होती. फार नाही. पोळीला डाग पडतो तेवढंच.

पूजा झाली. सासूबाईंनी चारही चाकांखाली लिंबं ठेवली. मोटार लिंबांवरून पुढे न्यायची, फाटकापाशी उजवीकडे वळवायची आणि गणपतीच्या देवळाला एक फेरी मारून आणायची, असं ठरलं होतं. फाटकाच्या डाव्या अंगाला गुरांच्या पाण्याची दगडी डोण होती, म्हणून वळण वेळेवर घ्यावं लागे. ह्यांनी मोटार सुरू केली. लिंबं फुटली. आणि त्याच क्षणी फाटकातून बाई आत आल्या. हातात आपट्याची पानं, केसांत मोगरा.

"नमस्कार!" बाई म्हणाल्या.

ह्यांनी दोन्ही हात सोडले आणि नमस्कार केला. चुलत सासरे ओट्यावरच बसलेले होते, एका हाताने करण्याची सोयच नव्हती. वळायचं तिथे मोटार वळली नाही. ती सरळ गेली आणि पुढचं डावं चाक डोणीवर असं आदळलं, की डोणीतलं पाणी चुलत सासऱ्यांच्या धोतरावर आलं.

"अगं बाई, कोणाला लागलं नाही ना?" बाईंनी विचारलं.

"कोणाले नाई, कोणाले नाई," सासूबाई म्हणाल्या. "चांगलं झालं. मोटारीले नजर लागणार होती, ते डोणीवर गेली."

नजर कोणाची, हे मी मनात ठरवून टाकलं. बाईंनी सगळ्यांना सोनं दिलं, मोटारीला "छान आहे हो" म्हणाल्या आणि हसत घरी गेल्या. जळल्याचं काही चिन्ह दिसलं नाही. डोणीला चीर गेली होती, आणि ती मला दिवाळीपर्यंत दिसत राहिली.

त्यानंतर ते सुरू झालं.

आमच्या ओट्यावरून पुलगावचा रस्ता बाईंच्या घरापर्यंत सरळ दिसतो. हे सकाळी मोटार घेऊन निघत, तेव्हा मी तांदूळ निवडायला ओट्यावर बसे. (आमच्याकडे रोज भात होत नसे. पण मी तांदूळ रोज निवडायची.) मोटार नीट जायची. बाईंचं घर आलं, की हळूच डावीकडे वळायची. बाईंच्या कुंपणाला लागेल लागेल अशी व्हायची आणि मग झटका देऊन पुन्हा रस्त्यावर यायची. जसं एखादा माणूस मनाला आवरतो. रोज.

शेजारच्या मैनाबाईंनाही ते दिसलं. मैनाबाईंना न दिसलेलं गावात अजून काही घडायचं आहे.

"काव," त्या कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "तुमची मोटार त्या बाईच्या घरापाशी काऊन लंगडते?"

"खड्डा असन," मी म्हणाले.

"खड्डा नाई. मी पाहून आली."

त्याच आठवड्यात ह्यांनी मैनाबाईंच्या पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, ढिगात मोटार घातली. तो ढीगही रस्त्याच्या डावीकडेच होता. सरपंचाच्या ओट्याला घासली, तो ओटाही डावीकडेच. एखाद्या शहाण्या बाईच्या यावरून काही लक्षात आलं असतं. मी एवढंच समजले, की माणसाचं चित्त ठिकाणावर नसलं म्हणजे त्याला पऱ्हाट्याही दिसत नाहीत.

एकदा मी धीर करून विचारलं. माझा धीर फार लहान असतो, म्हणून आडूनच विचारलं.

"गाडी चालवतानी तुमच्या हातातलं ते चक्र वाकडं काऊन राह्यते जी? गाडी तं सरळ जाते."

"उजवीकडे दाबून धरा लागते तिले," हे सहज म्हणाले. "सोडली की डावीकडे ओढते."

मी रात्रभर त्या वाक्यावर पडून राहिले. दाबून धरावं लागतं. सोडलं की डावीकडे ओढते. इतकं स्पष्ट तर कोणी पंचायतीपुढेही कबूल करत नाही.

आणि मग तो टायर. मोटार धुताना मला दिसलं, की पुढच्या डाव्या चाकाची आतली कड पार गुळगुळीत झाली आहे, आणि बाहेरची मात्र अजून नव्यासारखी आहे. मी चाकापाशी उकिडवी बसले. एक हात त्या गुळगुळीत कडेवर ठेवला आणि मला रडू आलं. टायरला हात लावून रडणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. सासूबाईंनीही पाहिली नव्हती.

"काय झालं व? मेलं कोण?"

मी पदराने डोळे पुसले आणि बादली उचलली. पण सासूबाई हलेनात, तेव्हा सगळं सांगितलं. चप्पल, टायर, वाकडं चक्र, ओढणं, दाबून धरणं. सासूबाई मोटारीच्या पायरीवर टेकून ऐकत होत्या. संपलं तेव्हा त्यांनी तोंडातला तंबाखू थुंकला.

"गजू? माहा गजू?" त्यांचा आवाज आश्चर्याचा होता, आणि मला वाटलं, त्यात थोडा अभिमानही होता. "त्याले घरातली वस्तू सापडत नाई, तो बाहेरची कायले शोधते? उद्या पुलगावचा बाजार हाये. आपण दोघी बी जाऊ. तू समोर बसजो. काय ओढते, कुठं ओढते, डोळ्यानं पाह्य."

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा मोटारीत पुढे बसले. तोवर पुढची जागा पुरुषांची किंवा सरकीच्या पोत्याची असे. मी पदर नाकापर्यंत ओढून घेतला. सासूबाई मागे बसल्या, पण त्यांचं तोंड आमच्या दोघांच्या मध्ये होतं.

बाई अंगणात मोगऱ्याला पाणी घालत होत्या. त्यांनी मान वर केली.

"नमस्कार बाई," हे म्हणाले. दोन्ही हात सुटले. मोटार डावीकडे निघाली. माझ्या डोळ्यांसमोर कुंपण आलं, मग मोगरा आला, मग बाईंची इस्त्रीची साडी आली. ह्यांनी ब्रेक दाबला, तेव्हा मोटारीचं नाक मोगऱ्यात होतं. वासही येत होता.

"अरे वा, ताई, तुम्ही पण आहात," बाई म्हणाल्या. "आलातच तर चहा घेऊन जा ना."

आलातच. ऐकलंत? मोटार घरात शिरली तरी ज्या बाईचा पदर ढळत नाही, तिचा कोणी काय हेवा करावा! हेवासुद्धा तिथे चुरगळतो. मी पदराआडून मागे पाहिलं. सासूबाईंचे डोळे बारीक झाले होते.

"नको बाई, बाजार सरन," त्या म्हणाल्या. मोटार रस्त्यावर आल्यावर माझ्या कानात कुजबुजल्या, "गप राह्य. येतानी पाहू."

बाजारात मी काय घेतलं ते मला आठवत नाही. घरी आल्यावर पिशवीत फक्त आलं निघालं.

परत येताना हे खुशीत होते. गाव आलं. बाईंचं घर आता उजव्या हाताला होतं, आणि बाई अजून अंगणातच होत्या, मोडलेला मोगरा बांधत. मी श्वास धरला. डाव्या हाताला गोठ्याच्या दाराशी म्हातारा गवळी बिडी ओढत बसला होता.

"रामराम, गजूबापू!" त्याने हाक मारली.

"रामराम जी!" ह्यांचे दोन्ही हात सुटले.

मोटार बाईंकडे वळली नाही. बाईंकडे तिने पाठ फिरवली आणि मोठ्या ओढीने डावीकडे निघाली. शेणाच्या ढिगावर चढली, उतरली, गोठ्याचं आडवं लाकूड तिने बाजूला सारलं आणि एका म्हशीपुढे जाऊन थांबली. म्हैस रवंथ करत होती. तिने काचेतून आधी ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. रवंथ थांबवलं नाही.

मागून सासूबाईंचा आवाज आला.

"आता बोल. मास्तरीण तं समजली. पण या म्हशीसंगं त्याचं काय हाये?"

"कोणाचं काय?" हे गोंधळले. "माय, काय म्हणून राह्यली तू?"

सासूबाईंनी सगळं सांगितलं. तिथेच, म्हशीसमोर, गवळ्यासमोर, मोठ्या आवाजात, टायरसकट. गवळी बिडी विझवून जवळ आला, म्हणजे काही सुटायला नको. मी पदर इतका ओढला, की पाठ उघडी पडली असावी.

हे मग इतके हसले, की कपाळ त्या चक्रावर आपटून हॉर्न वाजायला लागला. म्हैस दोन पावलं मागे सरकली.

"म्हणजे तुले वाटे का मी..." हे म्हणाले. "मी?"

नवऱ्यावर संशय घेण्याचा तोटा हाच असतो. खरा निघाला तर संसार बिघडतो, आणि खोटा निघाला तर नवरा. दुसऱ्या दिवशी सकाळी हे आरशापुढे नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे होते, भांग दोनदा पाडला आणि मला विचारलं, "मिशा थोड्या बारीक कराव्या काय व?"

सासूबाईंनी त्याच दिवशी हुकूम केला. "गाडी वर्ध्याले घेऊन जाय. हिले बी संगं ने. दोघीले सरळ करून आणजो."

वर्ध्याच्या गॅरेजमधला मिस्त्री तरणा होता आणि फार बोलायचा. त्याने मोटार थोडी चालवून पाहिली, हात सोडले, ती डावीकडे गेली आणि तो खूश झाला.

"भाऊ, अलाईनमेंट गेलं हिचं."

"म्हणजे काय झालं जी?"

"दोन्ही चाकं एका दिशेनं पाहाले पाह्यजे का नाई? इथं एक पाहून राह्यलं नागपूरले अन् दुसरं यवतमाळले. मंग गाडी ओढतेच. टायर एका बाजूनं झिजते, स्टेअरिंग वाकडं राह्यते. तुमाले समजलं नाई का?"

"हिले समजलं होतं," हे माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "हिनं बरोबर वळखलं होतं. फक्त चाकाच्या जागी मले धरलं."

मिस्त्रीने मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणली, मोटारीखाली शिरला आणि एक दांडा पान्याने फिरवू लागला. खालूनच त्याने विचारलं, "असं आपोआप नाई होत, भाऊ. मोठ्या खड्ड्यात गेली, नाईतं दगडावर आदळली, तवाच होते. कुठं आदळली होती काय?"

"नाई ब्वा," हे म्हणाले.

"आदळली होती," मी म्हणाले.

मला अनोळखी पुरुषासमोर बोलता येत नाही. पण त्या वेळी शब्द आपोआप बाहेर आले. "दसऱ्याले. डोणीवर. डावं चाक. तुम्ही दोन्ही हात सोडले होते." आणि मग मी सावकाश, एकेक शब्द निवडून म्हणाले, "बाईले नमस्कार करासाठी."

मिस्त्रीने मोटारीखालून डोकं बाहेर काढलं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. म्हणजे मी अगदीच खोटी नव्हते. म्हशीने मला खोटं पाडलं होतं, मिस्त्रीने पुन्हा खरं केलं. मोटार डावीकडे ओढत होती ती बाईंमुळेच. घड्याळ, इस्त्री, मोगरा, आणि आता आमचं चाकही.

हे हळूच म्हणाले, "अन् दसऱ्याले बाईले निरोप कोणं धाडला होता?"

मी दोरीकडे पाहू लागले. दोरी चांगली सरळ होती.

"झालं," मिस्त्री बाहेर येऊन म्हणाला. "आता नाकासमोर जाईन. पण भाऊ, हात नका सोडत जाऊ. हे काही बंडी नाई."

त्यानंतर ह्यांनी मान लववून रामराम करायला सुरुवात केली. हात चक्रावर, मान खाली. चुलत सासऱ्यांना ती पद्धत एवढी आवडली, की ते स्वतःही बंडीवरून तसंच करू लागले.

मोटार दुरुस्त झाल्यावर पहिली मोठी फेरी पुलगाववरून देवळीची होती. तिथे नणंदेच्या घरी डोहाळजेवण होतं. सासूबाईंनी दह्याचं मोठं गाडगं घेतलं होतं. पुढच्या जागेवर फळांच्या पाट्या होत्या, म्हणून आम्ही दोघी मागे बसलो. सासूबाई डावीकडे, त्यांच्या एकुलत्या एका रेशमी लुगड्यात. गाडगं माझ्या मांडीवर.

"दोन्ही हातानं धर," त्या म्हणाल्या. "सोडशीन नको."

बाईंचं घर आलं. मी ह्यांच्या मानेकडे पाहत होते. मान जरा लवली आणि सरळ झाली. हात जागचे हलले नाहीत. मोटार तर इतकी सरळ चालली होती, की मला तिचा हेवा वाटला. डावीकडे ओढलं जाणारं आता त्या मोटारीत एकच उरलं होतं, आणि ते मागच्या सीटवर बसून काचेतून बघत होतं. साडी कोणती नेसल्या आहेत? मोगरा पुन्हा फुलला की काय?

फुलला होता. बाईंनी मला पाहिलं आणि त्या मनापासून हसल्या.

"नमस्कार ताई!"

चांगल्या घरची सून एका हाताने नमस्कार कसा करणार? मीही दोन्ही हात जोडले.

मोटार नाकासमोर सरळ गेली. दही डावीकडे गेलं.